मागच्या महिन्याचा रंग

पेशंट काही तोंड उघडेना, म्हणून शेवटी पेशंटच्या काकानंच आ वासला. मधुवंतीची आणि प्रेमची पहिली भेट झाली ती अशी. लोकांची म्हणे नजरानजर होते, कुणाचा जाता-येता धक्का लागतो... यांचं आपलं थेट दाढांपासून सुरू!

मोताळ्याच्या शाळेत त्या दिवशी दात तपासणी होती. डॉक्टर मधुवंती बुलढाण्याची. वडील सुधाकरराव कोर्टात कारकून होते, आता पेन्शनीत गेलेले. नागपूरला शिकून ती वाकड्या दातांची डॉक्टर झाली आणि बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिनं आपला दवाखाना थाटला. वय अठ्ठावीस, हात हलका, जीभ मात्र जरा तिखट. तिच्यासमोर बाकावर चौदा वर्षांची समीक्षा बसली होती, तीही दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून. पोरीचे वरचे दात पुढे आलेले. वर्गातली पोरं नावं ठेवत, म्हणून तिनं हसणंच सोडून दिलं होतं.

"अवं पोट्टे, डॉक्टरीणबाई खाणार नाई तुले," शेजारी उभा असलेला उंच माणूस म्हणाला. "पाय इकडे, असा करायचा आ!"

आणि खरंच, भर वर्गात खाली वाकून त्यानं मधुवंतीपुढे तोंड उघडलं. तिच्या हातात टॉर्च होता, सवयीनं तिनं तो मारला. दात पांढरे, धडधाकट... आणि डावीकडे वरचा एक सुळा शेजारच्या दातावर ऐटीत चढून बसलेला.

"दातावर दात आहे तुमचा," ती म्हणाली. "तार लावली तर सरळ होईल."

त्यानं चट्कन तोंड मिटलं आणि वरून हात ठेवला. "आमची माय म्हणते, दातावर दात असला का माणूस नशीबवान राह्यते."

"मग? आहात का?"

"आजपावेतो तं दिसलं नाई." मग तिच्याकडे बघता बघता तो कानांपर्यंत लाल झाला. "आता... पाहू."

समीक्षा फिस्सकन हसली, आणि हसताना हात तोंडावर न्यायचं विसरली. मधुवंतीनं तेवढ्यात तिचे दात तपासून घेतले. काम झालं! पण त्या संध्याकाळी बुलढाण्याला परतताना, राजूरच्या घाटात गाडी चढत असताना, तिच्या डोळ्यांपुढे पोरीचे दात नव्हते. काकाचा तो चढेल सुळा होता.

पुढच्याच महिन्यात समीक्षाला तार बसली. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर, त्यांची ड्युटी आज इथे तर उद्या तिथे. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पोरीला मोटारसायकलवर घेऊन यायचं काम काकाकडे आलं. प्रेम शेतीची डिग्री घेऊन शेतीच करणारा, कपाशी आणि सोयाबीन. वय तिशीचं. बोलायला मोकळा, पण मधुवंती समोर आली की वाक्य अर्ध्यात ठेवून भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत बसायचा.

"ऊस बंद," मधुवंतीनं पहिल्याच दिवशी यादी सांगितली. "चिक्की, फुटाणे, सुपारी, सगळं बंद. जेवलं की ब्रश. तारेत घास अडकला तर कीड लागेल."

"हुरडा?" काकानं विचारलं.

"बंद."

"अन् मक्याचं कणीस?"

"दाणे काढून खायचं."

"काकानं खाल्लं तं चालते?"

"काकाच्या दातांची डॉक्टर मी नाही."

"तेच तं दुःख हाये," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. झालं, लागला चित्रातली दाढ वाचायला!

पुढे थंडीत समीक्षानंच बातमी फोडली. "डॉक्टर, काका बी हुरडा नाई खात. शेतात सगळे बसले होते, याले म्हटलं खा, तं म्हणते पोट्टीपुढे कसा खाऊ." मधुवंती पोरीची तार आवळत होती. तिनं मान वर केली नाही, पण मास्कच्या आत ती हसली. एक बरं असतं त्या मास्कचं.

या तारेच्या कामात एक गंमत असते. प्रत्येक दातावर तार धरून ठेवायला इवलंसं रबर लागतं, ते दर महिन्याला बदलतात, आणि त्याचा रंग पेशंटनं निवडायचा असतो. पोरं त्यावर जाम खूश असतात. मधुवंतीच्या कार्डावर त्यासाठी वेगळा रकानाच होता: तारीख, तार, रंग. रंगांचं कडं समीक्षापुढे धरलं की ती दर वेळी म्हणायची, "काका, तू सांग ना!" आणि काका डोळे छताकडे लावायचा, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. मग हळूच सांगायचा, "जांभळा." कधी "मोरपंखी." कधी "हळदी." मधुवंती लिहून घ्यायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची.

इकडे घरी वेगळाच कारभार चालला होता. शुक्रवारी संध्याकाळी कपाट उघडायचं, चार कुर्ते पलंगावर पडायचे, तीन परत आत जायचे. तिची आई शैलजाताई दारातून बघत. "उद्या दुसरा शनिवार वाटतं," त्या एकदा म्हणाल्या. मधुवंतीनं कपाटात डोकं आणखी खोल घातलं.

असे महिने गेले. समीक्षाचे दात मागे सरकत गेले, दोन माणसं मात्र पुढे सरकेनात! तिला त्याचं पोरीचा हात धरून रस्ता ओलांडणं आवडायचं, बाहेर काढलेले बूट ओळीत लावून ठेवणं आवडायचं. आणि तो हसला की, तोंडावर हात जायच्या आधी अर्धा क्षण दिसणारा तो सुळा... वाकडे दात सरळ करून पोट भरणारी बाई ती, आणि जीव कशावर जडला? एका वाकड्या दातावर. सांगायची सोय आहे का कुणाला!

अशातच पुण्यातून एका मोठ्या दवाखान्याचा निरोप आला. जागा चांगली होती. "फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हो-नाही कळवा," असं त्यांनी सांगितलं. समीक्षाची तार निघणार होती ती फेब्रुवारीच्याच दुसऱ्या शनिवारी. मधुवंतीनं मनाशी ठरवलं: त्या दिवशी तो बोलला तर बुलढाणं. नाही बोलला तर पुणं. त्यानंतर त्याला दवाखान्यात यायचं कारणच उरणार नव्हतं, आणि दर शनिवारी दाराकडे बघत इथं राहणं तिच्यानं झालं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, स्वतःच का नाही बोलली? अहो, दुसऱ्याचं तोंड उघडणं सोपं असतं.

तो शनिवार आला. मधुवंतीनं डाळिंबी कुर्ता घातला. समीक्षा खुर्चीत बसत असताना पुण्याचा फोन आला, "यायचं की नाही ते लवकरच कळवते," म्हणून मधुवंतीनं तो ठेवला. दातांवर चिकटवलेलं एकेक ब्रॅकेट निघालं, दात घासून पुसून लख्ख झाले. समीक्षानं जीभ फिरवली. "अगं माय! किती गुळगुळीत लागते!" मग तिनं आरसा हातात घेतला आणि आरशातल्या स्वतःकडे बघून अशी हसली, अशी हसली... दोन्ही हात मांडीवर. प्रेम खिडकीकडे वळला आणि उगाच खिशात रुमाल शोधत राहिला. मधुवंतीलाही समोरचं अंधुक दिसू लागलं. तिनं चष्म्याला दोष दिला.

"हा रिटेनर," तिनं पारदर्शक साचा समीक्षाच्या दातांवर बसवून दाखवला. "दात फार लबाड असतात, मोकळे सोडले की जुन्या जागेकडे पळतात. हा घालून ठेवायचा. जेवताना काढायचा आणि थंड पाण्यानं धुवायचा. कळलं?"

"हाव."

प्रेमनं ओल्या हरभऱ्याची जुडी टेबलावर ठेवली. "शेतातला हाये. आता तुमाले... आता..." तो थांबला. मधुवंतीही थांबली. "आता यायचं काम नाई म्हंजे."

"सहा महिन्यांनी. रिटेनर दाखवायला."

"सहा," तो म्हणाला. "बरं... येतो मंग." आणि गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत मधुवंती हरभऱ्याचे घाटे सोलत राहिली, आणि एकही दाणा तिनं तोंडात टाकला नाही.

उपचार संपलेल्या पेशंटांची कार्डं वेगळ्या कपाटात जात. समीक्षाचं कार्ड तिथं ठेवायला म्हणून तिनं हातात घेतलं आणि सहज वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. पहिलं रबर रुपेरी. मग मोरपंखी. मग अबोली, जांभळा, हळदी... हळदी? डिसेंबरमध्ये हळदी. नोव्हेंबरात तिनं दिवाळीचा हळदी कुर्ता घातला होता, त्याच्यावर आयोडिनचा डाग पडला म्हणून पक्का लक्षात होता. तिनं खालचं बघितलं. जानेवारीत जांभळट निळा, आणि डिसेंबरात? तोच, मावशीनं दिलेला. एप्रिलमध्ये पोपटी, मार्चमध्ये... बाई गं!

ती खुर्चीत बसली. पहिलं रुपेरी सोडलं तर उरलेल्या सतराही ओळी तिच्याच कपाटातल्या होत्या. या महिन्यात तिनं जो रंग घातला, तो पुढच्या महिन्यात पोरीच्या दातांवर. महिनाभर रंग ध्यानात ठेवून हा माणूस घाट चढून यायचा, आणि छताकडे बघून तो सांगून टाकायचा. आणि आपण? आपण ते नीट, सुवाच्य अक्षरात लिहून घेत होतो!

त्या दिवशी पुण्याला निरोप गेला नाही. कार्डावर प्रेमचा फोन नंबर होता. तिनं तो तीनदा लावायला घेतला आणि तीनदा फोन खाली ठेवला.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडते न उघडते तोच मोटारसायकल दाराशी थांबली. प्रेम आत आला, हातात स्टीलचा डबा. एकटाच.

"घोळ झाला," तो म्हणाला. डब्यात रिटेनर होता, भाजल्यावर पापड वळतो तसा वळलेला. "मायनं उकळला. म्हणे, पोरीच्या तोंडात जायची वस्तू, लेकराच्या बाटलीवानी चांगली उकळून घेऊ. समीक्षा आंघोळीले गेली होती तं मायनं हे करून ठेवलं."

मधुवंतीला हसू आवरेना. "करू नवा. पोरगी कुठाय?"

"शाळेत. पेपर हाये तिचा."

"अहो, माप दातांचं घेतात, डब्याचं नाही! उद्या घेऊन यायचं होतं तिला."

"हाव... पोरीच्या मायनं, वंदनावहिनीनं बी हेच सांगतलं."

"मंग आज काऊन आले?"

रागाच्या नाही, पण घाईच्या भरात तिच्या तोंडून आजोळची बोली निघाली. दोघेही चपापले. मग प्रेमनं एक अजबच गोष्ट केली. तो सरळ जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसला.

"मलेबी तार लावा," तो छताकडे बघत म्हणाला.

"काय?"

"दातावर दात हाये ना माह्या. तुमीच म्हटलं होतं, सरळ होते. किती महिने लागतीन?"

"अठरा."

"जास्त लागले तरी चालते." तो खुर्चीत आणखी मागे रेलला. "चोवीस करा."

मधुवंतीनं शांतपणे, अगदी डॉक्टरी आवाजात विचारलं, "आणि रबराचा रंग?"

तो डोळे मिटून म्हणाला, "डाळिंबी."

दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं ते बरं. तिनं हातातला टॉर्च ट्रेमध्ये ठेवला. "तुम्हाला तार लावणार नाही मी."

प्रेम ताडकन उठला. चेहरा पार उतरलेला. "माफ करा. शनिवारी तुमी फोनवर बोलून राह्यल्या होत्या ना पुण्याले जाचं, पोरीनं ऐकलं. मले दोन रात्री झोप नाई. वाटलं, एवढे महिने तरी... चुकलं असन माह्यं."

"खाली बसा. अर्धं बोलून पळायची सवय लागलीय तुम्हाला." तिनं कपाटातून कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "वाचा. रंगाचा रकाना."

त्यानं वाचलं. पहिल्या भेटीत झाला होता त्याहून लाल झाला. "सापडलं का तुमाले?"

"शनिवारी. तुम्ही गेल्यावर."

"बोलाले जमतच नोतं," तो कार्डाशीच बोलला. "शिकलेली, बुलढाण्याची डॉक्टर, अन् मी ढेकळातला. रंग तेवढे जमले."

"आणि मी दर शुक्रवारी चार-चार कुर्ते काढत होते, ते काय दातांसाठी?" मधुवंतीची आता थांबायची तयारी नव्हती. "पेशंट झालात की तुमच्याकडे मला नुसतं दात म्हणून बघावं लागेल. ते मला नकोय. आणि तो दात तर सरळ करायचाच नाही. पहिल्या दिवसापासून मला तो तसाच आवडतो. तुम्ही हसता, हात वर नेता आणि माझा अर्ध्या क्षणातच कारभार आटपता. वर्ष-दीड वर्ष मी अर्ध्या अर्ध्या क्षणावर काढलंय!"

प्रेम तिच्याकडे बघत राहिला. छताकडे नाही, भिंतीवरच्या चित्राकडे नाही. "अन् पुणं?"

"आजच कळवते, येणार नाही म्हणून. बाबांना भेटायला रविवारी या. उद्या समीक्षाला आणा, आणि घरी सांगा, पुन्हा उकळायचा नाही म्हणावं."

"नाई सांगत," तो म्हणाला. "एक डाव उकळला तं एवढं झालं."

आणि तो हसला, अगदी पोटातून. सवयीनं त्याचा हात तोंडाकडे निघाला. मधुवंतीनं तो मनगटाशी धरला, हळूच खाली आणला आणि धरूनच ठेवला.

"बघू दे," ती म्हणाली. "नशीबवान माणूस कसा दिसतो ते."

"माय खरंच म्हणत होती," तो म्हणाला.