कारखान्याचं वायफाय पुन्हा गेलं

पेणला गणपतींच्या कारखान्यात मिथुन पहिल्यांदा आला तो वायफायच्या निमित्ताने. मूर्ती ठरवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, मूर्तींचे डोळे रेखणाऱ्या निशिगंधाने पाहुण्यांचं वेगळं वायफाय ठेवलं होतं. त्यातल्याच कुणा आगाऊ माणसाने थेट राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून वायफायचं नावच बदललं… उंदीरमामा! रोह्याहून दुरुस्तीला आलेल्या मिथुनने ते नीट केलं, आणि निघताना म्हणाला, “डोळे काय सुरेख हायत हो…” मूर्तीकडे न बघताच!

त्यानंतर वायफायला जी साडेसाती लागली! चार दिवस झाले की बिघडलंच. शेवटी मागच्या खेपेला मिथुनने पाहुण्यांना सेटिंगचं पान उघडताच येणार नाही, अशी व्यवस्था केली. “सेटिंगचा नवा पासवर्ड तुम्हीच टाका. मी बघत नाय,” म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निशिगंधाने पासवर्ड टाकला खरा, पण… आता हा कशाला येईल?

आज वायफाय पुन्हा गेलं. रोह्याहून निडी, गडब, वडखळ करत मिथुन चिंब भिजून आला, लॅपटॉप उघडला, आणि गालातल्या गालात हसला.

“पाहुण्यांची वाट तर बंद हाय. मग हे केलं कोणी?”

“मला काय माहीत…” मूर्तीच्या डोळ्याशी नेलेला तिचा कुंचला तिथेच थांबला.

“पासवर्ड फक्त तुम्हालाच ठाऊक.”

अगं बाई! हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचे कान लालबुंद झाले. पण आता लपवून काय उपयोग?

“व्हय, मीच केलं! तुमचं बघून बघून शिकले. ते उंदीरमामा सोडून सगळं माझंच… तुम्ही यावं म्हणून.”

मिथुन खो खो हसत सुटला. “ती वाट मला पहिल्याच दिवशी बंद करता आली असती. एका टिचकीचं काम! मुद्दाम उघडी ठेवली.”

“लबाड कुठले! मग मागच्या वेळी का बंद केलीत?”

तो हसायचा थांबला. “म्हटलं, बघू तरी… काय बिघडलं नसताना तू मला बोलावतेस का.”

तो ‘तू’ तिने बरोबर टिपला. तेवढ्यात छत्री झटकत तिचे वडील, काळुराम, आत आले.

“परत काय बिघडलं गो?”

निशिगंधाने कुंचला खाली ठेवला.

“काय नाय बिघडलं, बाबा. यांना मी चहाला बोलावलंय.”