पहारेकऱ्याच्या अंगरख्याचा बंद

शिरूर स्टँडवर दौंडची एसटी लागली आणि दारातून सगळ्यात आधी आत शिरला एक भाला! त्याच्यामागून ज्ञानेश.

"ह्या भाल्याचं तिकीट काढावं लागंल," कंडक्टर गुरगुरला.

"काढा की, मामा. पण मंग त्याला बसायला जागा पायजे!"

अख्खी गाडी हसली. खिडकीजवळ कपड्यांचं गाठोडं घेऊन बसलेली तेवीस वर्षांची सोनमसुद्धा हसली... आणि गाठोडं मांडीवर ओढून तिनं शेजारी जागा केली. का केली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"नाटकात हाय का?"

"व्हय, पहारेकरी. वाक्य एक न्हाई. नुसतं उभं राहायचं."

"मंग भाला घरी कशाला नेताय?"

"उभं राहायचा सराव करायला."

सोनमनं ओढणीत तोंड लपवलं. मग एकदम म्हणाली, "तुमचा अंगरखा पाठीमागून पिना लावून आवळत असतील. व्हय ना?"

"आयला... तुम्हाला कसं कळलं?"

"सगळीकडं तसंच. राजाचा मापानं शिवायचा आन् पहारेकऱ्याला उरलंसुरलं. माझी दौंडात ड्रेपरी हाय, नाटकांना कपडे भाड्यानं देते. माझ्याकडं राजाला जो टेप, तोच पहारेकऱ्याला!"

हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकले, की ज्ञानेशनं दुसऱ्याच दिवशी नाटक मंडळाच्या मारुतरावांना गळ घातली. कपडे दौंडातूनच घ्यायचे!

रेल्वे कॉलनीच्या मागे सोनमचं दुकान. तिनं टेप त्याच्या खांद्यावरून फिरवला, आणि तो भाल्यासारखा ताठ झाला.

"श्वास सोडा ओ. न्हाईतर प्रयोगात अंगरखा उसवंल."

"सोडतो... तुम्ही आधी जरा लांब व्हा."

सोनमच्या हातातून खडू निसटला!

अंगरखा इतका सुरेख बसला, इतका सुरेख, की आठवडाभरात त्याचा बंद तुटला. मग दुसरा तुटला. मग काखेतला. दर तालमीनंतर ज्ञानेश हजर — "पुन्हा तुटला बघा." सोनम चहा मागवायची. तो उभं राहण्याच्या गमती सांगायचा: नाकावर माशी बसली, राजा वाक्य विसरला, तरी पहारेकरी हलत नाही! ती हसता हसता शिलाई चुकायची. बंद मुद्दाम तुटतायत हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं की... आणि आवडतही होतं.

कोपऱ्यात बसून कुशाबाई ते बंद लावून द्यायच्या. हुक, टिकल्या, बंद, सगळं हातकाम त्यांच्याकडे. एके दिवशी ज्ञानेश तिन्ही बंद लोंबणारा अंगरखा घेऊन आला, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पोरा, रोज ये. पण बंद तोडून येऊ नको बाबा. जमतंय तुमचं, आन् सुई माझ्या बोटात घुसतीया!"

दोघंही लालेलाल. ज्ञानेश म्हणाला, "मावशी, त्याचं मिळत असंल की तुम्हाला..."

"काय मिळतंय? नवा कपडा केला की पैसे. दुरुस्ती फुकट. सगळ्याच ड्रेपरीत तसंच असतंय." त्या हसून म्हणाल्या. तक्रार नव्हतीच त्यात. म्हणून तर सोनमला जास्त लागलं.

"राजा आन् पहारेकरी एकच म्हणून मी गावभर सांगत फिरते," ती हळूच म्हणाली, "आन् माझ्याच दुकानात..." बंद लावून झालेला अंगरखा तिनं घडी करून ज्ञानेशच्या हातात ठेवला. "आजपासून दुरुस्तीचे पैसे. मागच्याचे मी देणार. पुढं जो फाडंल, त्यानं द्यायचे. मंडळाला पटत नसंल तर कपडे परत आणा."

"अवो, स्पर्धा तोंडावर आलीय. मारुतराव दुसरीकडं जातील..."

"जाऊ द्या."

"मंग मी कशाला येणार इकडं?"

सोनम टेप गुंडाळायला लागली. "तेबी... जाऊ द्या."

चहा तसाच राहिला. तो गेला.

मग सोनमचे दिवस फार वाईट गेले. शिरूरची एसटी आली की मशीन आपोआप थांबायचं. भाला काही उतरायचा नाही.

स्पर्धा झाली. त्यानंतरच्या सोमवारी दारात सावली पडली. ज्ञानेश! पाठीवर सगळ्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं.

"मारुतराव म्हणले, दुसरीकडं दुरुस्ती फुकट करत्यात. मंग मी बोललो, सगळ्या मंडळासमोर. नाटकात एक वाक्य नसलेला पहारेकरी, पण त्या दिवशी थांबंचना!" त्यानं कुशाबाईंच्या हातात पैशांचं पाकीट दिलं. "मंडळानं मान्य केलं, मावशी. आन् मी तोडलेले सगळे बंद माझ्या पगारातून."

कुशाबाईंनी पाकीट कमरेला खोचलं, सुई कापडात टोचली आणि उठल्या. "मी जरा वारं खाऊन येते. आज माझा खाडा धरू नको गं!"

सोनमनं गाठोडं बाकावर सोडलं आणि अंगरखा उलटसुलट पाहिला. एकूण एक बंद जागच्या जागी.

"आज काय तुटलंय?"

"काहीच न्हाई," ज्ञानेश म्हणाला. "काहीच तुटलं न्हाई... तरीबी आलो. तुमच्यासाठी. रोज येऊ का?"

सोनमनं बाकावरचं गाठोडं बाजूला सारून जागा केली, अगदी त्या दिवशी एसटीत केली होती तशी.

"उभं राहायचा सराव लय झाला," ती म्हणाली. "आता बसा."