बुधवारी घर मिळणार नाही

"ओ ताई, दार उघडा की. बुकिंग हाय आमचं."

सुलक्षणाच्या हातात ओली चादर होती, डबल बेडची, आणि डोक्यात राग होता. बुधवारी कसलं बुकिंग? पानशेतच्या पाण्याकाठी असलेलं हे घर ती पाहुण्यांना देत होती, पण शुक्रवारी दुपारी यायचं, सोमवारी सकाळी किल्ली द्यायची, मधल्या दिवसांत आपलं आपण रांधून खायचं, असा तिचा नेम होता. नेमामागचं कारण कुणालाही कळेल असं होतं. सोमवारी धुतलेल्या चादरी श्रावणात गुरुवारशिवाय वाळत नाहीत. आत्ताही हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी, जिन्याच्या कठड्यावर अभ्रे, आणि घरभर तो ओल्या कापडाचा कोंदट वास.

तिनं दार उघडलं. बाहेर रेनकोटातून पाणी निथळणारा एक तरुण, हातात भाजीची पिशवी.

"बुधवारी घर मिळत न्हाई," ती म्हणाली.

"मोबाईलवर तर मिळालं." त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन तिच्या नाकासमोर धरला. "कोणत्याबी दिवशी या, असं लिवलंय. मी कोणत्याबी दिवशी आलो."

सुलक्षणानं तिथल्या तिथं पुण्यात राहणाऱ्या भावाला फोन लावला. बुकिंगचं सगळं धनाजीच बघायचा.

"अगं, शुक्रवारचीच अट ठेवली तर मधले दिवस घर रिकामं पडतं," धनाजी म्हणाला. "म्हणून मोकळे केले दिवस. तुला सांगणारच होतो..."

"चादरी वाळवायला तू येणार हायेस का?" तिनं फोन ठेवला. वळून बघते तर पाहुणेराव आत येऊन जिन्याच्या पायरीवर टेकले होते, आणि त्यांचा ओलाचिंब रेनकोट, दोन दिवस राखलेल्या कोरड्या अभ्र्यांवर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उचला तो आधी. अन् शुक्रवारी या."

"शुक्रवारी कसं येऊ?" आता तोही उभा राहिला. "कामथडीला हायवेवर आमचं मिसळीचं हॉटेल हाय. शुक्रवार ते रविवार मान वर करायला सवड न्हाई. बंद असतंय ते बुधवारी. जगाचा रविवार तो आमचा बुधवार. अन् बुधवारी एक घर उघडत न्हाई कुणाचं. जो तो आपला शुक्रवार, शुक्रवार. आमच्यासारख्यांनी सुट्टी घ्यायची कधी? मेल्यावर?"

पाहुणे तिच्यापुढं गोड बोलून बघत, नाहीतर ओळखी सांगत. असा सरळ तोंडावर भांडणारा पहिलाच. आणि रागावला की त्याचे कान लाल होत होते. ते आपल्याला कशाला दिसलं, याचाही तिला राग आला.

"हितं जेवण मिळत न्हाई. सोताच करायचं असतंय."

"म्हणूनच तर आलो. रोज शंभर माणसांचं रांधतो मी. एकदा एकट्यापुरतं रांधायचंय. ‘अजून थोडा रस्सा’ म्हणून कुणी ओरडायला नको."

हसू येत होतं, ते तिनं दाबलं. "कोरडी चादर एकपण न्हाई."

"द्या हिकडं. पिळू."

त्यानं दुसरं टोक धरलं आणि ती फिरवेल तिकडंच फिरवायला लागला. चादरीचं पाणी चादरीतच.

"उलटं फिरवा. दोघांनी एकीकडंच फिरवल्यावर काय पिळणार, कप्पाळ?"

"मला वाटलं, तुमच्या मनासारखं करावं."

मग पीळ बसत गेला. चादर आखडली, तसे दोघं जवळ आले... पाणी दोघांच्या पायांवर पडलं. शेवटी त्याची बोटं तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. तिनं टोक झटकन् सोडलं, नि सगळा पीळ उलगडून चादर जमिनीवर. शिव्या मात्र त्यालाच बसल्या.

स्वरूप त्याचं नाव. संध्याकाळी त्यानं एकट्यापुरतं पिठलं केलं, ते भरलं पातेलंभर. हाताला सवयच नव्हती बिचाऱ्याच्या. मागच्या खोलीत सुलक्षणा आणि तिची आई कमळाबाई राहायच्या, तिथं तो पातेलं घेऊन आला.

"पोरगं बरं हाय गं," कमळाबाई बोटं चाटत म्हणाल्या.

"आई, तू गप जेव."

दुसऱ्याच दिवशी सुलक्षणानं धनाजीला दमात घेऊन शुक्रवारची अट परत लावली. आणि पुढच्या बुधवारी पाबे घाट उतरून मोटरसायकल फाटकाशी हजर.

"बुकिंग हाय का?"

"न्हाई. चादरी पिळायला आलोय, मालकीणबाई."

‘ताई’ गळालं होतं, हे तिच्या बरोबर ध्यानात आलं.

तो दर बुधवारी यायला लागला. दर बुधवारी भांडण व्हायचं. तो म्हणायचा, दिवसांची अट काढ, मधल्या वारी सुट्टी असणारी माणसंबी माणसंच हायेत. ती म्हणायची, तुझ्या हॉटेलात येऊन मी रस्सा किती पातळ करायचा ते सांगते का? अहो-जाहो कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ती केस धुवायला लागली. कमळाबाईंनी विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसली.

गणपतीत तो आला नाही. एक बुधवार गेला. फोन नाही, निरोप नाही. दुसराही गेला. ती एकटीच चादरी पिळत बसली, दात-ओठ खात. एकट्या माणसाच्यानं डबल बेडची चादर पिळून होत नाही हो, मधेच गाठ बसते. ती गाठ सोडवता सोडवता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला इतका संताप आला, की तिनं धनाजीला फोन लावला.

"उघड सगळे दिवस. बुधवार पयला उघड."

धनाजीनं कारण विचारलं नाही. त्याला तेच हवं होतं. दिवाळीपर्यंतचे बुधवार भराभर बुक झाले.

पुढच्या बुधवारी स्वरूप आला तेव्हा अंगणात चारचाकी उभी होती, पडवीत पुण्याची मंडळी लॅपटॉप उघडून बसली होती, आणि सुलक्षणा कोरड्या चादरींसाठी धावत होती. तो फाटकाशीच थांबला.

"बुधवार कुणाला दिलास?"

"जो आधी मागंल त्याला. तूच म्हणत होतास ना, अट काढ? काढली."

"आपला बुधवार दिलास?"

"आपला?" तिचा आवाज चढला. पडवीतल्या माना वळल्या. "दोन बुधवार कुठं होतास? एक फोन करता आला न्हाई?"

"सणाची गर्दी. त्यात आचारी पळाला, मोबाईल कढईत पडला. नवा काल घेतला, पण तुझा नंबर..." तो गडबडला. "नंबर पाठ न्हाई. आता करीन पाठ. तुला भेटायचा मला एकच वार हाय, सुलक्षणा, अन् तो तू लोकांना वाटलास. थांब, मी शनिवारी हॉटेल बंद ठेवतो अन् शनिवारी येतो."

"शनिवारी? हायवेवरचं हॉटेल शनिवारी बंद? बापानं उभं केलेलं हॉटेल बुडवायचंय का तुला?"

"बुडू दे."

कान लालबुंद झाले होते त्याचे. सुलक्षणा बघत राहिली. हा माणूस खरंच करील, हे तिला दिसलं, आणि छातीत काहीतरी हललं. रागच होता तो... पण निराळा. तिनं ओढणीला हात पुसले आणि त्याच्यासमोरच फोन लावला.

"धनाजी, बुधवार बंद कर. घेतलेली बुकिंगं पुढं-मागं कर, पाया पड त्यांच्या, पण पुढच्या बुधवारपासून घर कुणाला द्यायचं न्हाई."

"आता काय झालं?" पलीकडून धनाजी वैतागला. "बाकीचे वार?"

"ते राहू देत मोकळे, बघीन मी. बुधवार मात्र न्हाई. कायमचा."

"लोक विचारतात ताई. कारण काय लिहू?"

सुलक्षणानं स्वरूपकडं पाहिलं. तो अजून फाटकाशीच उभा होता.

"लिही," ती म्हणाली, "बुधवारी घरचं माणूस असतंय."

फोन ठेवला. स्वरूपनं एक पाऊल पुढं टाकलं.

"हिकडं काय येतोस?" ती कडाडली. चेहरा मात्र पार बदलला होता. "आई मागच्या खोलीत हाय. तिला जाऊन सांग. मला आत्ता लई राग आलाय, माझ्याच्यानं नीट सांगणं व्हायचं न्हाई."