पोचलो म्हणणारी गाडी

दिपाली घरत यार्डाच्या पायऱ्या तावातावानं चढली आणि वरून उतरणाऱ्या माणसाचा चहा थेट तिच्या ओढणीवर सांडला.

“डोळे कुठं आहेत तुमचे?”

“तुमचीच गाडी शोधतायत, मॅडम...” यार्डातला निकेत ओशाळून म्हणाला. कंटेनर यार्ड आणि उरणचे गाडीवाले, दोघांचं मिळून एकच अ‍ॅप... ते यानंच सगळ्यांच्या गळ्यात मारलेलं.

“तुमच्या अ‍ॅपनं माझ्या गाडीचा रांगेतला नंबर कापला!”

“गाडी ‘पोचलो’ म्हणते. पण गेटवर आहे कुठं?”

तिनं ड्रायव्हरला, चंदरला, फोन लावला. “पोचलोच की ताई! नाक्यावर हाय. वडापाव खाल्ला, आता निघतोच.”

झालं! उरणचा ड्रायव्हर पोचायच्या अर्धा तास आधीच पोचलेला असतो, हे त्या बिचाऱ्या अ‍ॅपला कोण सांगणार?

साडेतीन वाजलेले. चारला गेट बंद. कोळंबीचा कंटेनर राहिला तर कारखाना काम दुसऱ्याला देणार आणि बाबांच्या चारही गाड्या दारात उभ्या!

“गाडी कुठं आहे ते दिसलं, तर नंबर धरून ठेवतो. पण तुम्ही लोकेशन बंद ठेवलंय.”

“ठेवणारच! गाडी कुठून माल उचलते ते यार्डाला कळलं की गिऱ्हाईक पळालंच, असं बाबा म्हणतात.”

“बरोबर म्हणतात.” ती चमकलीच. “एवढी एकच गाडी उघडा, बाकीच्या झाकलेल्याच राहतील. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं... चुकलं आमचं.”

बाबांना न विचारता? तिनं त्याच्याकडे पाहिलं... आणि बटण दाबलं.

नकाशावरचा ठिपका मुंगीच्या पावलानं सरकत होता. तीन पंचावन्न... अठ्ठावन्न... गाडी आत! तेव्हा कुठं तिला कळलं, आपण याचं मनगट घट्ट धरलंय. तिनं हात सोडला. त्याचे कान लाल झाले होते.

“आता माझं लोकेशन घ्या,” तो म्हणाला. “फिट्टंफाट! आणि रविवारी... पीरवाडीच्या किनाऱ्यावर याल?”

तिनं हसून आपलंही देऊन टाकलं.

रविवारी पाच वाजता त्याचा मेसेज आला, ‘पोचलो.’ दिपालीनं नकाशा पाहिला. स्वारी अजून नाक्यावर! खोटारडा! आरशासमोर केस विंचरतच तिनं लिहिलं, ‘मीपण पोचले.’

लगेच उत्तर आलं, ‘घरातच? सावकाश ये, दिपाली. तुझा नंबर मी कधीच कापणार नाही.’

तिनं कंगवा तसाच टाकला आणि धावत सुटली.