ऑर्मेलाचं पाणी

जेरोमच्या तोंडी ऑर्मेलाचं नाव आलं की लुसीचं डोकं उठायचं. कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटातल्या या नवराबायकोच्या घरी कुणीही येवो, चहाचा कप हातात पडायच्या आत हा बाबा त्याला घेऊन स्पेनमधल्या त्या टीचभर गावात शिरलेला असायचा. ऑक्टोबरात कंपनीच्या कामासाठी तो माद्रिदला गेला होता. गुडघेदुखीवर गरम पाण्याचे झरे चांगले, असं कुणीतरी सांगितलं म्हणून एक दिवस बस पकडून तिथे जाऊन आला. एक दिवस म्हणायचा, खरं तर अर्धाच. पण बोलायचा असं, की जणू जन्म ऑर्मेलातला आणि वसईत नुसता शाळेपुरता राहिला होता.

"रोमन लोकांनी बांधलंय सगळं, बरं का! मग अरब आले, त्यांनी हमाम काढले. मग नन्सनी त्याच हमामावर चर्च बांधलं. थंडीतसुद्धा फरशी गरम! आणि चौकातलं ते कारंजं... दगडी तोंडांतून दिवसरात्र वाफाळतं पाणी. म्हाताऱ्या बायका आधी काठावर पावाचा तुकडा ठेवतात, मग घागर लावतात. थांबा, फोटो दाखवतो."

फोटो बघून बघून लुसीचे डोळे थकले होते. तिच्या डोक्याला वेगळेच ताप होते. एकुलती एक मुलगी, शेरिल, हिचं लग्न जानेवारीत होतं. नाताळाआधीचा ॲडव्हेंट आणि ईस्टरआधीचा लेंट हे लग्नाला वर्ज्य काळ, त्यांच्या मधे हॉल मिळाला तो नेमका कडाक्याच्या थंडीतला. नवरामुलगा ऍलन टोरोंटोजवळच्या मिसिसागाचा, घरचे मूळचे वसईचेच. सगळं नीट पार पडावं आणि पोरगी सुखरूप त्याच्या घरी जावी, एवढंच लुसीला हवं होतं.

त्यात उंबराच्या पाण्याचा प्रश्न निघाला. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्याने नवरीला आंघोळ घालायची, ही वसईची रीत. ओटावात विहीर कुठून आणणार? बाकीचे लोक नळाला रिबन बांधून मोकळे होतात. जेरोमने मात्र छाती पुढे काढून बेसमेंटमधून एक मोठी बाटली आणली.

"नळाचं पाणी हे काय पाणी झालं? हे बघ. ऑर्मेलाचं! त्याच कारंज्यातलं. बॅगेत टॉवेलात गुंडाळून आणलंय."

लुसीने बाटली हातात घेतली आणि विचारलं, "दिलंस काय त्याच्या बदल्यात?"

"दिलं म्हणजे?"

"लग्नाचं पाणी काढताना विहिरीला विड्याचं पान देतात, दारूचा घोट देतात. तुझ्या आईने एकदा तरी काही न देता घागर बुडवली होती का?"

जेरोम गुडघा चोळायला लागला. "बस सुटत होती, लुसी. आणि सगळे बघत होते."

"त्या म्हाताऱ्यांचे फोटो काढताना नाही लाज वाटली. त्या पाव ठेवत होत्या, ते काय उगाच?"

"ते टुरिस्ट अट्रॅक्शन आहे गं!"

लुसीने हात टेकले आणि बाटली ठेवायला खाली गेली. जिन्यात तिच्या लक्षात आलं की बाटली कोमट आहे. लुसी लॅब टेक्निशियन, भलत्यासलत्या कल्पना करणं तिच्या स्वभावात नव्हतं. घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ ठेवली असेल, असं म्हणून तिने ती बटाट्यांच्या शेजारी कोल्डरूममध्ये ठेवली. चार दिवसांनी बटाटे आणायला गेली, तर बाटलीमागची भिंत घामेजली होती आणि बटाट्यांना हातभर कोंब आले होते. काच तर हाताला चटकत होती. वैतागून तिने फर्नेसवाल्याला फोन केला. तो आला, सगळं तपासलं, काही बिघाड नाही म्हणाला.

नाताळानंतरच्या रविवारी ऍलनचे आईवडील जेवायला आले. जेरोमने वाढून घेतलं आणि ऑर्मेलाला सुरुवात केली. "चौकातून उजवीकडे वळलं की ते जुनं हॉटेल. शंभर वर्षांपूर्वी बडी बडी माणसं यायची तिथे आंघोळीला..."

"नो डॅडी, लेफ्ट," शेरिल फोनमधून मान वर न करता म्हणाली. "ऑन द राइट देअर्स जस्ट अ वॉल. अँड द स्टेप्स आर सो स्लिपरी."

सगळे हसले. बापाने पोरीचेही कान किटवले म्हणायचे! लुसीही हसली. पाहुणे गेल्यावर भांडी विसळता विसळता तिने जेरोमला विचारलं, "पायऱ्यांचं तू सांगितलंस तिला?"

जेरोमने पुसायला घेतलेली बशी खाली ठेवली.

"मी तिकडे गेलोच नाही गं. नकाशात बघून सांगत होतो."

त्यानंतर लुसी मुलीवर डोळा ठेवून राहिली. शेरिल शॉवरखाली फार वेळ उभी राहायला लागली. बाहेर उणे पंचवीस, आणि हिच्या खोलीची खिडकी आतून वाफेने पांढरी. हीटिंग बंद केलेलं असायचं. एकदा ती काच पुसता पुसता लुसीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, झोप येत नाही का?"

"आय स्लीप फाइन, ममा. देअर आर दीज विमेन बाय द वॉटर. दे आर नाइस." मग थोडं थांबून म्हणाली, "दे'व्ह बीन वेटिंग फॉर सो लाँग."

लुसीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. त्या बाटलीचा, त्या गावाचा आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा.

पाण्याच्या दिवशी सकाळी जेरोम पाहुण्यांना आणायला एअरपोर्टवर गेला. लुसीने बाटली उचलली, मागच्या अंगणात जाऊन बर्फात उपडी केली. बर्फ वितळत थेट पिवळ्या गवतापर्यंत खाली गेला. कपाटातली रेड वाइन आणून तिने त्या खळग्यात ओतली आणि मनातल्या मनात माफी मागितली. नक्की कुणाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग सिंकवर बाटली विसळून नळाच्या गार पाण्याने भरली. आता तिला बरं वाटलं.

दुपारी मिरवणूक निघाली. शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेपासून यांच्या गराजपर्यंत, स्पीकरवर बँड लावून. जाडजूड पार्का कोट घातलेल्या बायका बर्फात नाचत होत्या. जेरोमच्या डोक्यावर तांब्याची कळशी, तिच्यात बाटलीतलं पाणी, तिच्यावर रंगीत छत्री. मिसिसागाहून आलेली त्याची बहीण फिलू खड्या आवाजात गाणी म्हणत होती. लुसीलाही महिनाभरात पहिल्यांदा मनापासून हसू आलं.

गराजमध्ये पाटावर शेरिल बसली, जुना सुती फ्रॉक घालून. नारळाचा रस चोळून झाला. पहिल्या मगाचा मान आईचा.

लुसीने कळशीत मग बुडवला. वाफ आली.

"यात गरम पाणी कुणी ओतलं?"

"कुणी नाही, वहिनी," फिलू म्हणाली. "पण बरंच झालं की, पोर गारठली असती."

लुसीचा हात अडला. जेरोमने मागून हळूच ढकललं. "घाल ना! सगळे खोळंबलेत."

तिने पाणी घातलं. शेरिलने डोळे मिटले.

मग फिलूने घातलं. मग ऍलनच्या आईने. मग रांगेतल्या सगळ्याजणींनी. गाणी चालली होती, हसणं चाललं होतं. कळशी काही संपत नव्हती.

गराजला उतार नाही, पाणी घरात शिरेल, म्हणून लुसी मॉप घेऊन आली.

पाटाखालचं काँक्रीट कोरडं होतं.

पाट कोरडा होता. फ्रॉक कोरडा होता.

"बस," लुसी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. "बस करा!" ती ओरडली.

गाणं थांबलं. स्पीकर वाजत राहिला.

लुसी गुडघ्यांवर बसली. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. कातडीखाली पाणी वाहत होतं. संथ, गरम, फार खोलवर.

"शेरिल. बाळा, बघ माझ्याकडे."

शेरिलने डोळे उघडले. समोरच्या बायकांवरून फिरत तिची नजर लुसीपाशी आली आणि ती हसली, अगदी अदबीने.

"थँक यू, आंटी," ती म्हणाली. "कुड यू कॉल माय मदर नाऊ, प्लीज?"