चौकटीबाहेरची आई

ऐकीव सांगत नाही. त्या खोलीत मी स्वतः उभी होते. डिसेंबरमधली दुपार, साडेतीनचा सुमार, आमच्या घरावरचा स्टुडिओ.

बाबा फोटोग्राफर. त्यांच्याकडे लग्नाआधीपासूनचा एक घडीचा कॅमेरा आहे. झाकण उघडलं की भात्यासकट लेन्स पुढे येते. रोल रुंद, पण त्यावर फोटो फक्त आठ. मागे लाल काचेची इवलीशी खिडकी. तिच्यातला आकडा बघत रोल पुढे सरकवायचा.

व्ह्यूफाइंडर आहे, पण त्यात बघून फोकस होत नाही. माणूस किती फुटांवर आहे ते मोजायचं आणि लेन्सची कडी त्या आकड्यावर फिरवायची.

बाबांच्या अंदाजाचा आनंदीआनंदच! म्हणून आई टेप घेऊन कडेला उभी राहायची.

"आठ फूट! आणि पोट आत घ्या," असं गिऱ्हाइकालाही सुनवायची.

तीस वर्षं ती कडेलाच राहिली.

ती गेली तेव्हा घरात तिचा एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. त्यात ती आई वाटतच नव्हती.

बाबा एवढंच म्हणाले, "जगाचे काढत बसलो गं."

त्यानंतर चार महिन्यांनी, त्या दुपारी, वरून त्यांचा आवाज आला...

"जरा आत सरक ना. अजून थोडी."

मी वर गेले. समोर रिकामं स्टूल.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

ते दचकले नाहीत. रोल काढून माझ्या हातात दिला. "आठही झाले. धुऊन दे."

मी वाद घातला नाही. डार्करूममध्ये रोल धुतला, वाळवला, दिव्यासमोर धरला.

स्टूल. स्टूल. पुन्हा स्टूल.

सहाव्या फोटोत, अगदी डाव्या कडेला... एक हात.

हातात टेपचं टोक.

करंगळी वाकडी. आईची करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती.

मी किंचाळले नाही. मला रडूच फुटलं.

बाबांनी भिंग लावून कितीतरी वेळ बघितलं. "बघ, अजून कडेलाच उभी आहे. मधे यायची सवयच नाही तिला."

मग म्हणाले, "तू काढ. मीच जातो तिच्याशेजारी."

नवीन रोल घातला. अंतर मी मोजलं, कडी आठवर आणली, टेप खिशात टाकली. बाबा डाव्या बाजूला भिंतीशी जाऊन उभे राहिले. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं. ते सरळ माझ्याकडे बघत होते. चेहरा अगदी कोरा.

शटरची बारीकशी टिक...

आणि पाठोपाठ, टेप सर्रकन गुंडाळली गेल्याचा आवाज.

माझ्या खिशातली टेप हललीसुद्धा नव्हती.

फोटो संध्याकाळी तयार झाला. त्यात बाबा माझ्याकडे बघत नाहीत. मान वळवून शेजारी बघतायत. हसतायत. आणि त्यांच्या शर्टाची बाही कोपराजवळ चुरगळली आहे... कोणी मुठीत धरावी तशी.

शेजारी कोणीच नाही. नुसती भिंत.

"हसतेय बघ," बाबा म्हणाले. "आली बाई एकदाची!"

त्यांनी ओळखपत्राचा फोटो उतरवून हा लावला. त्या दिवसापासून दोन घास जास्त जेवतात, शीळ घालतात. मी म्हटलं, असू दे. मला दिसत नसलं म्हणून काय झालं?

मागच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका पासपोर्टच्या फोटोसाठी आल्या. बाबा आत दिवे लावत होते. बाई त्या फोटोसमोर थबकल्या.

"हे तुमचे वडील ना? छान हसतायत."

"हो."

त्या थोडं जवळ गेल्या. आवाज खाली आला...

"मग शेजारच्या बाई एवढ्या का रडतायत?"

मी त्यांना घाईघाईने आत नेलं.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी तिच्याकडे बघून हसतात.

मी त्या भिंतीकडे बघायचं टाळते.