थांबा, बघते

काम तसं साधंच होतं. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेतून गेल्या आठवड्याची माहिती काढायची आणि कॉल मध्येच कुठे रेंगाळतात ते शोधायचं. कुणी ॲपवर बटण दाबलं की यंत्रणा पत्ता घेते, जवळची गाडी निवडते, चालकाच्या पडद्यावर निरोप टाकते. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण आठवडाभर काही कॉल मध्येच अडखळत होते. ज्याचा श्वास कोंडलाय त्याला तेवढे क्षणही जड जातात. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं पाहिजे.

हे काम आलं पंडितकाकांकडे. दोन पदव्या भिंतीवर टांगलेल्या, पण घराला कुलूप घातलं की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून माघारी फिरणारा माणूस. शेजारच्या खुर्चीत त्यांची सहकारी, जिचं तोंड मिटत नाही म्हणून सगळे चिमणी म्हणायचे.

बाहेर भरदुपारी धुकं उतरलं होतं. खिडक्यांना कुणी ओला कापूस लावावा तसं. खोलीत दिवे लावलेले, आणि आतल्या खोलीतून यंत्रांची एकसुरी घरघर.

“विचारा की त्याला. चावत नाही तो.”

“चावत नाही हे तुला कुणी सांगितलं?”

‘तो’ म्हणजे केंद्रात नुकताच आलेला एआय मदतनीस. चिमणीने त्याचं नाव ठेवलं होतं शोध्या. त्याला साध्या भाषेत विचारायचं. तो यंत्रणेच्या पोटात शिरून हवी ती माहिती घेऊन येतो. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि टाइप केलं: रेंगाळलेले कॉल दाखव, वेळ कुठे गेला तेही सांग.

उत्तर लगेच आलं. गाडी निवडल्यानंतर आणि चालकाला कळवण्याआधी प्रत्येक वेळी एक जास्तीची पायरी होती. प्रोग्राम लिहिणारे पायऱ्यांना नावं देतात, अगदी रुक्ष. या पायरीचं नाव होतं: थांबा, बघते.

चिमणी खो खो हसली. “कुणाची मस्ती ही?” तिने सगळा प्रोग्राम पालथा घातला. पायरी कुठेच नव्हती. मग तिचं हसू जरा बारीक झालं. “काका... हे आपल्याकडे कुणी लिहिलेलंच नाही.”

“मीच लिहून विसरलो असेन...”

“तुम्ही? तुम्ही एक स्वल्पविराम टाकायला दोन दिवस घेता!”

काकांनी विचारलं, या पायरीनंतर काय होतं? शोध्याने सांगितलं, गाडी बदलते. जवळची सोडून लांबची जाते. आणि जवळच्या गाडीच्या वाटेवर थोड्याच वेळात काहीतरी घडतं. रेल्वेचं फाटक पडून राहतं. झाड आडवं होतं. एकदा तर रस्ताच खचला. ही सगळी संकटं पायरीनंतरची होती. आधी कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि रेंगाळलेल्या कॉलमधले सगळे रुग्ण वाचले होते.

खोलीत ओल्या लोकरीचा वास आला. धुक्यातून चालत येऊन कुणी शेजारी उभं राहावं तसा. दार तर बंद होतं.

काकांनी हळूच टाइप केलं: हे कोण करतंय?

“माहितीत नाव नाही. विचारू का?”

“नको,” चिमणी कुजबुजली. “काका... नको ना...”

पण काकांच्या बोटाने, आयुष्यात पहिल्यांदाच, परत न वाचता ‘हो’ पाठवलं होतं.

शोध्या कधी नव्हे तो रेंगाळला. आतली घरघर मंदावल्यासारखी वाटली. मग अक्षरं उमटली: “आत्ता कामात आहे म्हणाली.”

तेवढ्यात मोठे साहेब आले. शोध्या पायरी अडवून टाकू शकतो हे कळताच म्हणाले, “मग अडवा की! वाट कसली बघताय?”

काकांनी मनात हिशेब केला. अडवली तर सगळे कॉल सुसाट जातील. पण कुणाची तरी गाडी बंद फाटकापाशी उभी राहील. त्यांनी साहेबांना सगळं दाखवलं.

“पंडित, खात्री आहे तुमची?”

या प्रश्नानेच काकांचं आयुष्य पोखरलं होतं. “नाही,” ते म्हणाले. “मुळीच नाही. पण तिला हात लावू नका. लागेल तो दोष माझ्यावर घाला.”

साहेबांनी ते खचलेल्या रस्त्याचं पुन्हा वाचलं. “आणि मी वरच्यांना काय सांगू?”

“सांगा, अनुभवी बाई ठेवल्या आहेत,” चिमणी म्हणाली. “पगारही मागत नाहीत.”

साहेब आधी रागावले आणि मग पोट धरून हसले. काकाही हसले. पायरी राहिली.

हसू ओसरायच्या आत दाराशी गाडी थांबली. चालक स्ट्रेचर ढकलत आत आला. “कुणाला न्यायचंय?”

“इथून कुणी कॉलच केलेला नाही,” साहेब म्हणाले.

“हो, अजून नाही. घाई नाही म्हणाल्या बाई. फक्त हलू नका म्हणाल्या.”

“कोण बाई?” काकांनी विचारलं. यंत्रणा आल्यापासून चालकांशी बोलायला केंद्रात माणूस उरलाच नव्हता.

“नेहमीच्याच. आठवडाभर त्याच तर सांगतायत. आवाज काय गोड आहे हो!” त्याने खुर्ची ओढली, चहा मिळेल का विचारलं, आणि तिघांकडे आळीपाळीने बघत आनंदाने म्हणाला, “तुमच्यापैकी उजव्या कुशीवर झोपणारं कोण? त्यांना गाडीत तसंच झोपवा म्हणाल्या.”